तीन खणांत दोन पाहुणे आणि एक उंदरी

ती. कौसल्याबाईस, धाकटा भाऊ डोमाजीचा जयभीम.

इकडं आम्ही सारे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. (तेल चोळतेस, की नुसतं शिशीकडं पाहतेस?) माझी प्रकृती उत्तम. ऐकू थोडं कमी येतं, पण सध्या घरात मला जे बोललं जातं ते पाहता ही कृपाच समजतो. संघदीपनं तुला फोनवर त्याच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. आता बापाची बाजू वाच.

तर बाई, दिवाळीपासून आपल्या गोठ्यात नागपूरची सुरभी मॅडम म्हणून एक पोरगी काम करून राह्यली. ती रानउंदरांवर शिकते. लोक उंदीर मारायचं औषध मागतात, अन् ही शेताच्या धुऱ्यावरून त्यांना जिवंत धरून आणते, दाणापाणी करते आणि कोण कोणाला पसंत करतं ते पाहते. तिची तीन खणांची एक लांब पेटी आहे. मधल्या खणात उंदरी, दोन्ही बाजूंना एकेक नर. उंदरी ज्याच्याजवळ जाऊन बसेल तो पसंत. मी रोज तिथं स्टूल टाकून बसतो. (मॅडम 'काका, हलू नका' एवढंच म्हणते. एवढा मान मला ग्रामपंचायतीतही मिळाला नव्हता.) माझा सारा भरवसा एका पैलवानावर होता. अंगानं भरलेला, मिशा दोन्हीकडं सारख्या, नवरदेवच. तर उंदरीनं त्याच्याकडं पाठ केली अन् कान फाटलेल्या एका मरतुकड्याला चिकटून झोपून गेली!

मॅडमनं उलगडून सांगितलं. त्या कानफाट्याचा पिंजरा आधी उंदरीच्या पिंजऱ्याला लागून होता. त्याचा वास ओळखीचा झाला, आणि ओळखीचा वास आला की शेंगदाण्याएवढ्या त्या मेंदूत एक रस सुटतो. तो सांगतो, 'हाच तो.' मग मॅडमनं सुई टोचून तो रस अडवला. बाई, तीच उंदरी बाजारात चुकलेल्या लेकरासारखी इकडून तिकडं फिरत राहिली. कोण आपला, कोण परका, काही कळेना. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. आपला संघदीप म्हणजे ती सुई.

कापसाचे हाल तू जाणतेसच. शेतीवाल्या पोराला आता कोणी चहाला विचारत नाही, मग पोरगी देणं दूरच. संघदीपचा जन्म पऱ्हाटीत गेला, पण लेकीसाठी, उर्वशीसाठी, त्याचा एकच हेका: नोकरीवाला पाहिजे, मग तो कचेरीत नुसता पंखा चालू करणारा का असेना. आपल्यात पत्रिका नाही, छत्तीस गुण नाहीत, केवढं सुख! तर यानं त्या जागी पगारपत्रक आणून बसवलं. पाहुणे येतात, पोरगी मान खाली घालून बसते, पाहुणे पोहे खाऊन म्हणतात, 'पसंती कळवतो.' कोणाची पसंती? त्यांची! रानातल्या उंदरीला जो अधिकार, तो माझ्या नातीला नको?

आपलं घरही तीन खणांचं, हे तुला सांगायला नको. संघदीपनं पुसदचे आणि पांढरकवड्याचे पाहुणे वेगवेगळ्या दिवशी बोलावले होते. मी गुपचूप फोन करून एकाच दिवशी बोलावले. पुसदचे डाव्या खोलीत, पांढरकवड्याचे उजव्या, मधात उर्वशी, आणि दाराशी स्टुलावर मी, न हलता. पोरीनं दोन्हीकडं चहा ठेवला, मधल्या खोलीत येऊन सूप घेतलं आणि तूर निवडत बसली. ना डावीकडं पाहिलं, ना उजवीकडं. तेवढ्यात पुसदच्या बाई शिंकल्या.

उजवीकडून आवाज आला, "कोन हाय तिकडं?"

"पाव्हणे."

"आमीबी पाव्हणेच! कायचे पाव्हणे?"

"पोरगी पाहाचे!"

त्यानंतर घरात अशी शांतता पसरली की ती मलासुद्धा ऐकू आली. मग जो गलका झाला तो लिहीत नाही. पण भांडता भांडता गाव, आडनाव, मामेकुळी निघाली, ओळख पटली, आणि पुसदच्या पोराची बहीण प्रियंका सोबत आली होती, ती पांढरकवड्याच्या पोराला, नयनला, पसंत पडली. (तोही तिला पसंत, मी मुद्दाम विचारून घेतलं.) आपल्याच घरात, आपल्याच पोह्यांवर सोयरीक जमली. दोन्ही घरचे एकाच जीपनं परत गेले. जाताना माझ्या पाया पडले.

म्हणजे प्रयोग यशस्वी झाला, फक्त उंदरी दुसरी निघाली. हे मी संघदीपला समजावलं, तर तो म्हणतो, "बाबा, तुमी आता गोठ्यातच राहा. या रविवारी वणीचा कारकून येऊन राह्यला, मी हो म्हणून मोकळा होतो." सूनही त्याच्याच बाजूनं. उर्वशीला मी एकांतात विचारलं, पोरी, एकाकडंही काहून गेली नाहीस? तर म्हणते, "आबा, तुमच्या पेटीत दोनच नर होते. तिसरा बाहेर असला तं उंदरी काय करन?"

बाई, विज्ञान पक्कं आहे. पेटी लहान पडली. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जप.

तुझा
डोमाजी

ता. क. तो तिसरा तुझ्या भिंतीपलीकडं राहतो. राजदीप. उर्वशी मागच्या साली उमरखेडला तुझ्याकडं संगणक शिकायला राहिली होती ना? संगणक तिला अजून चालू करता येत नाही. राजदीप शेतकरी आहे, म्हणून संघदीप नाव काढू देणार नाही. पण तुझ्यापुढं त्याची जीभ वळत नाही. तेव्हा रविवारच्या आत राजदीपच्या मायला घेऊन ये, सहज आल्यासारखी. नाहीतर पोरगी वणीला जन्मभर तूर निवडत बसेल.

पुन्हा ता. क. हे आपल्याकडून निघालं, असं राजदीपला बिलकूल कळू देऊ नको. पोरीवाल्यांचा मान राहिला पाहिजे. पत्र वाचून चुलीत घाल.

अखेरचं ता. क. पत्र टपालात टाकायला उर्वशीकडं दिलं, तर म्हणे, "टपालानं कायले? राजदीप आज सरकी न्यायले आपल्या इकडं, पांढरकवड्याले आला हाय, त्याच्याच हाती देतो." घरात डिंक नव्हता, पाकीट उघडंच आहे. तेव्हा समोर जो उभा आहे त्याला आधी बसायला सांग.