माझ्यामागे घटपर्णींना पाणी कोणी घालावे

मी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसायाने कवळ्या बनवणारी, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, शिवाय त्यांच्या वरच्या डाव्या सुळ्याला कीड लागली आहे हेही सांगितले. तेव्हा शंका नसावी. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आमच्या घरात दबाव आणण्याचे काम पूर्वीपासून माझ्याकडेच आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर आणि जंगम असे दोनच रकाने आहेत. मी विचारले, "रोपं कुठल्या रकान्यात?" ते म्हणाले, "कुंडीतली असतील तर जंगम." मी म्हटले, "अकरा वर्षांत एक वीतभर हलली नाहीत." ते म्हणाले, "बाई, मग वेगळं कलम करा, पण मला जेवायला जाऊ द्या." म्हणून वेगळे कलम केले आहे. ते पाचवे. त्याआधीची चार ज्यांना वाचायची नसतील त्यांनी वाचू नयेत, पण मग नंतर भांडायलाही येऊ नये.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची कामाची खोली, हे माझ्या मुलाला द्यावे. तो जमिनीची मोजणी करतो, त्यामुळे घर किती आहे हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अट एकच. कामाच्या खोलीची पूर्वेची खिडकी बंद करून तिथे एसी बसवू नये. तो मला दर उन्हाळ्यात म्हणतो, "आई, तुझ्याच सुखासाठी म्हणतोय." एसीने खोलीतली हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत घटपर्णी, म्हणजे माझी ती किडे खाणारी रोपे, पानाच्या टोकाला सुरई धरत नाहीत, हे मी त्याला अकरा उन्हाळे सांगते आहे. आता कायद्याच्या भाषेत सांगते.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते मुलगा आणि सूनबाई यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे. माझ्या मेण कोरायच्या सुऱ्या, सगळ्या नऊ, पलीकडच्या गल्लीतल्या कवळीवाल्याला द्याव्यात. कारण प्रेम नव्हे. हा गृहस्थ गेली वीस वर्षे माझ्या गिऱ्हाइकांना सांगत आला आहे की बाईंचे दात घोड्यासारखे दिसतात. त्याच्या हातच्या कवळ्या मी दुरुस्त केलेल्या आहेत. त्याच्या सुऱ्यांना धार नाही, एवढेच मी म्हणेन. या सुऱ्या त्याने वापराव्यात आणि मग आपले जुने काम काढून बघावे.

कलम चौथे. माझी थोरली बहीण, अक्का, हिला आरामखुर्ची. नाहीतरी ती आली की दुसरे कोणी त्या खुर्चीत बसत नाही. मात्र खुर्ची तिने आपल्या घरी न्यावी. इथे बसून रोपांवर देखरेख करू नये. एकदा मी औषधे आणायला गेले असताना अक्काने उकडलेल्या खिम्याचे गोळे करून एकेका सुरईत घातले. मी आले तर म्हणते, "अगं, बिचारी उपाशी दिसत होती." आठवड्यात पाच सुरया काळ्या पडून सडल्या. घटपर्णीला महिन्याकाठी एखादी मुंगी मिळाली तरी पुरते. नाही मिळाली तरी ती तक्रार करत नाही. अक्काला हे पटत नाही, कारण तिने आयुष्यात कोणाला एका वाढपावर उठू दिलेले नाही.

कलम पाचवे, घटपर्णी. सध्या दोन जिवंत आहेत.

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक होते. एका मोठ्या ऑफिसात लिफ्टच्या दारापाशी शोभेला चार घटपर्णी टांगल्या होत्या. तिथला शिपाई त्यांना रोज नळाचे पाणी आणि साहेबांचा उरलेला चहा घालत असे. त्या मरायला टेकल्यावर ऑफिसने टाकायला काढल्या, आणि ह्यांनी चारही बादलीत घालून घरी आणल्या. मी प्लॅस्टर कालवत होते. हे म्हणाले, "अगं, माशा खातात म्हणे. आपल्याकडे माशांना काय तोटा?"

मी म्हटले, "मला दातांचं काम कमी आहे का?"

"तुझ्याकडे चिकाटी आहे."

"आणि तुमच्याकडे काय आहे?"

"बादली," ते म्हणाले, आणि बादली ठेवून जेवायला बसले.

एक पहिल्याच आठवड्यात गेली. उरलेल्या तिघींची पाने कडेने जळलेली, सुरया वाळून कागदासारख्या झालेल्या, कुंडीच्या मातीवर पांढरी खपली. मी वाचनालयातून पुस्तक आणले. त्यात लिहिले होते की या रोपाला आपण चांगले म्हणून जे जे करतो त्याने ते मरते. चांगली माती नको, खत नको, नळाचे पाणी तर नकोच, कारण त्यातल्या क्षारांनी मुळे जळतात. असले माणूस घरात असते तर मी कधीच हाकलले असते. पण हट्टाला पेटले. माती धुऊन काढली, मुळे ओल्या शेवाळात बसवली, वाळलेले सगळे कापले आणि मासे पाळायच्या फुटक्या टाकीत तिघींना ठेवून वर काच झाकली. पाणी द्यायचे ते फक्त पावसाचे. ते साठवण्याचे खाते ह्यांच्याकडे. गच्चीच्या पन्हळीखाली पिंप लावून, गाळून, पांढऱ्या कॅनमध्ये भरून ते वर्षभराचा साठा करीत. मी एकदाही तो कॅन भरला नाही.

साडेचार महिने काही घडले नाही. मग तिघींतल्या मोठीच्या एका पानाच्या टोकाला दोरा फुटला, दोऱ्याच्या टोकाला तांदळाएवढा फुगवटा आला, आणि पाच आठवड्यांनी त्या सुरईचे झाकण उघडले. ह्यांनी मला कामावरून हाक मारून नेले आणि आम्ही दोघे तिच्यात वाकून बघत राहिलो. आत चमचाभर पाणी होते. ते तिने स्वतःचे स्वतः केले होते. ह्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या कामाचे यापेक्षा जास्त कौतुक केलेले नाही, आणि मला यापेक्षा जास्त लागलेही नाही.

हे तीन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर दोन महिन्यांत मोठी गेली.

कलम सहावे. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही असे वकीलसाहेबांचे मत आहे. त्यांची खालची कवळी माझ्या हातची असल्याने त्यांनी ते मत एकदाच सांगितले.

माझी सून इस्पितळात एक्स-रे काढते. हुशार आहे, पण तिला कुठलीही वस्तू आहे तशी राहू देववत नाही. हे गेले त्याच महिन्यात तिने मोठीला खत घातले. बाटलीवर 'सर्व झाडांसाठी' लिहिले होते, हा तिचा खुलासा. मी त्याच दिवशी कुंडी धुऊन काढली आणि रोप सावरलेही. पण पुढे पाने पुन्हा कडेने करपू लागली, शेवाळावर पांढरी खपली आली, आणि एका सकाळी मोठी बुंध्यापासून लोळली. त्या दिवशी अक्का आली होती, अक्काच्या दोन्ही मुली होत्या, मुलगा होता. सगळ्यांसमोर मी सूनबाईला म्हटले, "त्यांची एवढी एक आठवण होती, ती तू मारलीस."

ती म्हणाली, "चुकलं असेल माझं, आई."

मी म्हटले, "असेल नाही. चुकलंच. यापुढे या काचेला हात लावायचा नाही."

मुलगा म्हणाला, "आई, आपण नवीन आणू ना." त्यालाही बोलले.

आठ महिन्यांनी मी काम बंद केले. प्लॅस्टर घासायचे मशीन विकले, ते उचलताना मागे एक पांढरा कॅन सापडला. तोंडाला पांढरी पूड, आणि तळाशी दोन बोटे प्लॅस्टर दगडासारखे बसलेले. पावसाच्या पाण्याचा कॅन आणि माझे प्लॅस्टरचे साचे धुतलेल्या पाण्याचा कॅन दिसायला सारखेच. हे गेल्यावर पाणी मी घालू लागले. कोणता कॅन उचलते आहे इकडे माझे लक्ष नव्हते. त्या दिवसांत माझे कशातच लक्ष नव्हते. दोन महिने मी तिघींना प्लॅस्टरचे पाणी पाजले. मोठी सर्वांत जुनी, ती आधी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली, आणि चोर मी स्वतः.

हे मला कळून दोन वर्षे होऊन गेली. या काळात मी सूनबाईला सांगितले नाही. रोज सांगायचे ठरवत असे. मग ती दूध उतू घालवी, किंवा माझा चष्मा 'नीट जागेवर' ठेवून देई आणि मी तासभर शोधत बसे, आणि मग वाटे, आज नको. माझ्या स्वभावाचा मला जितका वीट आला आहे तितका अक्काचाही आलेला नाही.

तरी येथे लिहून ठेवते: मोठी घटपर्णी माझ्या हातून मेली. सूनबाईचा दोष नव्हता. हे कलम मुलाने अक्का आणि तिच्या दोन्ही मुलींसमोर मोठ्याने वाचावे.

उरलेल्या दोन घटपर्णी, माशांची टाकी, काच आणि पावसाचे पिंप हे सर्व मी सूनबाईला देते.

कलम सातवे. वरील मजकूर काल पूर्ण झाला होता. आज सही करायची. साक्षीला सूनबाई बसेल असे मी धरून चालले होते. वकीलसाहेब म्हणाले, जिला काही मिळणार तिने साक्षीदार होऊ नये. ती म्हणाली, "मला कशाला काही, आई? मी साक्षीलाच बसते." तिला काय देते आहे आणि का, हे तोंडाने सांगण्याऐवजी मी सहावे कलम काढून तिच्या हातात दिले.

तिने उभ्यानेच वाचले. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कॅनचं. ज्या दिवशी तुम्ही मला बोललात त्याच्या आदल्या दिवशी मी तो उचलला होता. हाताला पूड लागली. तेव्हा कळलं."

"मग तोंडाला कुलूप लावलं होतंस का? चारचौघांत ऐकून घेतलंस?"

"आई, बाबा गेल्यापासून तुम्ही कामाच्या खोलीबाहेर येत नव्हता. जेवत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांत येऊन उभ्या राहिलात, मला ओरडायला. संध्याकाळी दोनदा वाढून घेतलंत. त्यात मी सांगायचं की ते रोपही तुमच्याच हातून गेलं?"

वकीलसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

मी विचारले, "आणि कॅन मशीनच्या मागे कोणी टाकला?"

"मीच. दुसरा भरून ठेवला जागेवर. रोज बघत होते, कोणता उचलता ते."

म्हणजे या दोन घटपर्णी मी वाचवल्या असे मी गेली तीन वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले, तेही खरे नव्हे. आता या वयात माणसाने बढाई तरी कशाची मारावी?

मी तिला म्हटले, "एवढी अक्कल होती, तर खत कशाला घातलंस?"

ती म्हणाली, "ते मात्र खरंच चुकलं," आणि रडू लागली. मग मीही. वकीलसाहेबांनी दोघींना पाणी आणून दिले.

सहावे कलम खोडून टाकू का, असे त्यांनी विचारले. खोडू नये. ते मोठ्याने वाचायचे आहेच, पण त्यासाठी मी मरायची वाट बघण्याचे कारण नाही. येत्या रविवारी अक्काला आणि तिच्या मुलींना बोलावले आहे. मी स्वतः वाचणार आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून सही करीत आहे.

सही: (कवळीवाल्या बाई)

साक्षीदार पहिले: वकीलसाहेबांचे कारकून. बाईंनी आमच्यासमोर सही केली. सही करताना हात कापत नव्हता.

साक्षीदार दुसरे: पलीकडच्या गल्लीतले कवळीवाले. ऐनवेळी दुसरे कोणी सापडले नाही. तिसरे कलम मला वाचू दिलेले नाही. मला यातून काही मिळणार नाही असे बाई म्हणाल्या होत्या. वकीलसाहेब आता म्हणतात की मिळणार आहे, म्हणून माझी सही खोडली आहे.

साक्षीदार दुसरे, बदली: वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. सही माझ्यासमोर पुन्हा करून घेतली.

स्थळ: कामाची खोली, पूर्वेच्या खिडकीपाशी.
तारीख: एकोणीस जून, गुरुवार, सकाळी साडेअकरा. बाहेर पाऊस असून सूनबाई पिंप लावायला गच्चीवर गेली आहे.