मामांनी यंदा कापूस अकोल्यास न्यावा

मुक्काम अमरावती, आश्विन मास

तीर्थरूप नत्थुजी मामांच्या पायांवर भाचा पुंजाराम डोके ठेवतो. इकडे मी आणि आपली सून मैना, आम्ही दोघे हिंडतो-फिरतो, दोन वेळा जेवतो, म्हणजे सुखरूपच म्हणायचे. आपला गुडघा कसा आहे? तांबड्या बैलाचा खूर भरला का? मामींनी गेल्या खेपेस पाठवलेले लोणचे संपले. बरणी मात्र अजून हुंगतो. (मोरोपंत, हे पत्र आपण नेहमीप्रमाणे मामांना मोठ्याने वाचून दाखवाल. कंसातले तेवढे मनात वाचावे. मला अक्षर आपणच शिकवले, तेव्हा माझी अब्रू राखणेही आपल्याकडेच आले.)

तर मामा, घर झाले. आपण दर हंगामाला कापसाच्या गाड्या घेऊन हिवरखेडहून इथवर येता आणि बाजारात गाडीखालीच झोपता. मी भाड्याच्या खोलीवर या म्हणून किती विनवले, पण आपले एकच बोलणे: "तुह्या सोताच्या ओसरीवर बसीन, तवाच तुह्या घरचं पाणी पीन." मग मीच भाकरी बांधून बाजारात यायचो आणि आपण दोघे जुवावर बसून खायचो. आईबाप गेल्यावर ज्यांच्या घरात वाढलो त्यांना माझ्या घरी पाणीही देता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटायचे. म्हणून यंदा घर करायचेच असे ठरवले.

पण अमरावतीत जागा मिळणे आता सोपे राहिलेले नाही. विलायतेला कापूस कमी पडला तेव्हापासून इथे माणसापेक्षा कापसाला मान आहे. परकोटाच्या आत आम्ही एका वखारीच्या माडीवर राहत होतो. भाव चढला की मालक म्हणे, खोली रिकामी करा, गाठी ठेवायच्या आहेत. भाव उतरला की म्हणे, या परत. आमचे बिऱ्हाड बाजाराबरोबर खालीवर व्हायचे. एकदा तर आम्ही आत असतानाच गाठी चढवल्या आणि मैनाला चुलीपर्यंत आडवे सरकत जावे लागले. (मैनाने त्यावर मालकाला जे सुनावले ते कंसातही लिहिण्यासारखे नाही.)

मग अंबादेवीच्या अंगाला गोदावरीबाई म्हणून एक वृद्ध बाई आहेत, त्यांना वाड्यातल्या दोन खोल्या ओसरीसकट विकायच्या होत्या आणि त्या माझ्या पगारात बसत होत्या. मी अडतीवर कारकून आहे हे ऐकून बाई खूश झाल्या. कांदा चालणार नाही म्हणाल्या, मी मान डोलावली. दिवेलागणीनंतर जाते फिरवायचे नाही, तेही कबूल केले. शेवटी म्हणाल्या, बैलांसकट येणारे पाहुणे चालायचे नाहीत. मी जोडे घातले आणि निघालो. आता बैलांशिवाय येणारा पाहुणा मला दुसरा आहे कोण?

हिंडता हिंडता बडनेऱ्याच्या वाटेवर, जिकडे आगगाडीचा रस्ता घालायचे चालले आहे, तिकडे एक जागा दिसली. आजूबाजूला सगळे विकले गेलेले, पण ही कोणी घेईना, म्हणून स्वस्त. मी वाकून मूठभर माती उचलली. मामा, काय सांगू! आपण मला लहानपणी बांधावर उभे करून माती ओळखायला शिकवले, ते सगळे हाताला आठवले. थुंकी लावून मळली, बोटांत वळली, तर वात तुटेना. काळीभोर, लोण्यासारखी. हिवरखेडची वेचणी आठवली, कापसाच्या खोलीतल्या ढिगात गळ्यापर्यंत रुतून झोपायचो ते आठवले, मामी केसांतला कापूस वेचत बसायच्या ते आठवले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. दलालाला वाटले, मला किंमत परवडत नाही. त्याने आणखी उतरवली. शहरच्या लोकांना मातीतले काही कळत नाही, असे म्हणत मी जागा घेऊन टाकली.

(मोरोपंत, मैना पातूरची, मुरमाड डोंगराकडची. तिने जागा पाहिली आणि एवढेच म्हणाली, "हे तं वावर हाय. घर कुठी बांधता?" गावात पांढरी, म्हणजे घरांसाठीची न फुगणारी, न भेगाळणारी जमीन, आयती असते, घरे आजोबा-पणजोबांनी बांधलेली असतात. घरासाठी माती पाहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मी पिकाची माती पाहिली आणि पिकाचीच मिळाली.)

घर हौसेने बांधले. सहदेव गवंडी म्हणत होता, भिंतीच्या मातीत गव्हाचा भुसा घाला. मी म्हटले, अडतीवर सरकीचा कोंडा फुकट पडला आहे, तो घाल. आता घराला हवा भरपूर येते. (उन्हाळ्यात जमीन भेगाळली, तिच्याबरोबर भिंतीही. मैनाचे लाटणे एका भेगेत गेले ते परत आले नाही.) दार फार भक्कम आहे. (पावसाळाभर उघडले नाही, आम्ही खिडकीतून जा-ये केली.) घराभोवती हिरवळही आहे. (कोंड्यात सरकी राहिली होती. भिंतीतून कपाशी उगवली आहे.) ओसरी मात्र खरोखरच ऐसपैस आहे, हे मोठ्याने वाचावे.

मामींना नमस्कार, लहानांना पापा. आपला आज्ञांकित पुंजाराम.

ता. क. यंदा अकोल्याच्या बाजारात भाव बरा आहे असे ऐकतो. अकोला आपल्याला जवळ, आपला गुडघा दुखरा, बैलाचा खूर तसा. तेव्हा यंदा कापूस अकोल्यास न्यावा हे बरे. (मोरोपंत, हे पत्र एवढ्यासाठीच लिहिले. पश्चिमेची भिंत इतकी कलली आहे की मामांनी ती पाहिली तर मला तोंड दाखवायला जागा नाही. पुढच्या हंगामापर्यंत काहीतरी करीन. त्यांना कसेही करून अकोल्यास वळवा.)

पुन्हा ता. क. पत्र मैनाला वाचून दाखवले. कंसही ऐकवावे लागले. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "अकोला पयलेपासूनच जवळ हाय ना त्याहीले? मंग मामाजी इतक्या दूर कापूस विकाले येतेत काय? तुमाले पाहाले येतेत."

मामा, इतकी वर्षे मी अडतीवर बसून भावाचा हिशेब करतो आणि एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. अकोल्याचे विसरा. मोरोपंत, आता कंसातले सगळे मोठ्याने वाचा, लाटण्यासकट. (आपण ते एव्हाना वाचून दाखवलेच असेल, मी आपल्याला ओळखतो.)

मामा, इकडेच या. घर वाकडे आहे, पण माझे आहे. ओसरी धुऊन ठेवतो, पाण्याची घागर भरून ठेवतो. गाडी तेवढी पश्चिमेच्या भिंतीला अगदी लावून सोडा. मैना म्हणते, भिंतीला टेकू होईल. झोप तुम्हाला गाडीखालीच लागते, तर तिथे झोपा, मीही अंथरूण घेऊन शेजारी येतो. आणि सकाळी भिंतीतली कपाशी पाहा. बोंडे धरली आहेत, मामा. माती मी बरोबर ओळखली होती.