झोपलेल्या मुलीची संमती

चि. भिंगरीस,

आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुझे बाबा जरा जास्तच ठीक आहेत (गुडघ्याला आराम द्या असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते बसल्या जागेवरून सगळं घर चालवतात, आणि पळते मी). तुझा खोकला गेला का? फोनवर तू 'हो' म्हणालीस खरी, पण ते म्हणतानाच खोकलीस, म्हणून लेखी विचारते आहे. वेळेवर जेवतेस का, खोलीची कडी नीट लागते का, आणि घरमालकीणबाई अजूनही तुझी अंघोळ अर्ध्यात असताना गरम पाणी बंद करतात का, तेही कळव. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. अगं, फोनवर तू 'आई, पटकन सांग' म्हणतेस, आणि ही गोष्ट पटकन सांगण्यासारखी नाही. ती तुझ्या फोटोची आहे. हो, त्याच. तो आमच्या कंपनीत राहायचा की जायचा, हे आता तुझ्यावर येऊन ठेपलं आहे.

घाबरू नकोस, आणि शेवटच्या पानावर उडीही मारू नकोस. मी क्रमाने सांगते.

आमच्या मार्केटिंग विभागात माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि फायलींना मात्र गणती नाही. गाद्या-उशा विकायला इतक्या फायली कशाला लागतात हे बाबांना आजवर कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. त्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आमचा डिझायनर सगळं काही संगणकाच्या पहिल्याच पडद्यावर मांडून ठेवतो. त्यामागे त्याने कधीकाळी समुद्राचं चित्र लावलं होतं म्हणे. आता त्यात पाणी शोधून सापडत नाही. मजकूर लिहिणारे (त्यांना सगळे कविराज म्हणतात, आणि त्यांना ते कौतुक वाटतं) प्रत्येक फाईल स्वतःलाच मेल करतात, आणि मग स्वतःच्याही मेलला उत्तर देत नाहीत. मी आपली सरळ नावं देते. पहिली 'अंतिम'. मग साहेब एक स्वल्पविराम हलवायला लावतात, की झाली 'अंतिम नवीन'. मग 'अंतिम नवीन खरंच'. मग 'हेच घ्या'. या सगळ्यांच्या मागून आलेली, आणि नाव द्यायचं त्राण न उरल्यामुळे नुसतीच 'आ' म्हणून ठेवलेली एक असते, आणि छापायला जायची असते ती नेमकी तीच.

तर मध्यंतरी मोठ्या चौकातल्या फलकावर आमची नवी जाहिरात लागली. पांढरी शुभ्र गादी, तिच्यावर निवांत पहुडलेले एक गृहस्थ, आणि वर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं: 'इथे झोपेबद्दल काहीतरी छान लिहायचं आहे, कविराज आजारी आहेत'. 'आ'च्या ऐवजी 'हेच घ्या' छापली गेली होती. आता तूच सांग, यात त्या छपाईवाल्याचं काय चुकलं? साहेबांनी ते गाडीतून वाचलं आणि तिथेच खाली उतरले (सिग्नल लाल होता म्हणून बरं). त्या आठवड्यात गाद्या नेहमीपेक्षा जास्त खपल्या, कविराजांच्या तब्येतीची चौकशी करणारे फोनही आले, पण साहेबांचा पारा काही उतरला नाही. फायली सांभाळायची एखादी बरी सिस्टिम शोधा म्हणाले, आणि समिती नेमली. समितीची प्रमुख मी, कारण नेमणूक झाली त्या दिवशी मी रजेवर होते.

मग विकणारे येऊ लागले. आमच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी आणि नमुन्याच्या गाद्या जास्त, हे तुला माहीत आहे. पहिला आला तो कोट घातलेला गृहस्थ. त्याला आम्ही सगळ्यात मऊ गादीवर बसवलं, तो कमरेपर्यंत आत गेला आणि शेवटपर्यंत तिथूनच बोलला. त्याची सिस्टिम फोटो बघून आपोआप ओळखायची की हे काय आहे, आणि तशी चिठ्ठी लावायची. आम्ही आमचे फोटो दिले. गाद्यांवर झोपलेल्या सगळ्या माणसांना तिने 'अपघात' ठरवलं. उशांना 'बटाटे' म्हणाली. साहेबांचा वार्षिक सभेतला फोटो आला तेव्हा ती बराच वेळ विचार करत राहिली आणि शेवटी 'उशी' अशी चिठ्ठी लावली. साहेब त्या वेळी खोलीतच होते, त्यामुळे त्या सिस्टिमवर पुढे चर्चा झाली नाही.

दुसरी सिस्टिम फार सुरक्षित निघाली. आधी परवलीचा शब्द, मग फोनवर येणारा आकडा, मग वरिष्ठांची परवानगी, आणि मग फाईल. डिझायनर पहिल्याच दिवशी बाहेर अडकला. त्याला आत घ्यायला माझी परवानगी हवी होती, आणि परवानगी द्यायला मला आत जायला हवं होतं, आणि मीही बाहेर. आम्ही दोघं पडद्यासमोर बसून राहिलो, आपल्याच घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यावर बसतात तसे. संध्याकाळपर्यंत चोर काय, आम्हीही काही नेऊ शकलो नाही.

तिसऱ्या आल्या त्या जाड चष्म्याच्या एक बाई. त्यांनी दाखवायला काही उघडलंच नाही. आधी विचारलं, तुम्हाला रोज काय सापडत नाही? कविराजांना आयुष्यात प्रथमच कुणी असं विचारलं असावं. ते बोलायला लागले ते चहा येऊन गार झाला तरी थांबेनात, आणि बाईंचे डोळे गादीवर बसल्या बसल्या दोनदा मिटले (जाहिरात म्हणून आम्हाला ते आवडलं). त्यांची सिस्टिम साधी होती. एका कामाची एकच फाईल वर दिसते. तिची आधीची सगळी रूपं तिच्या पोटात, तारखेसकट. 'अंतिम' हे नाव द्यायला गेलं तर ती देऊच देत नाही. ज्या फोटोत माणूस दिसतो त्याच्याखाली तीन रकाने: हा कोण, याची संमती आहे का, आणि कधीपर्यंत. रकाने भरल्याशिवाय फोटो छापायला सोडायचा नाही. आम्ही हीच घ्यायची ठरवली. इतक्या वर्षांत आमच्या विभागात सगळ्यांचं एकमत झाल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

आणि मग जुन्या फायली नव्या घरात न्यायला लागलो, तेव्हा तुझी पाळी आली.

तुला ती हकिकत ऐकून ऐकून पाठ झाली असेल, तरी मी सांगणारच. तू तीन वर्षांची होतीस. पाळणाघर बंद होतं म्हणून तुला ऑफिसात नेलं होतं. जाहिरातीसाठी ठरवून आणलेल्या गोंडस बाळाने दिवसभर भोकाड पसरलं आणि ते घरी गेलं. आणि तू, जिला घरी झोपवता झोपवता आम्ही दोघं आधी झोपायचो, ती नमुन्याच्या गादीवर गाढ झोपलीस. फोटोवाल्याने दिवे आवरण्याआधी सहज एक फोटो काढला. कागदावर पालक म्हणून मी सही केली. तेव्हापासून तू आमच्या प्रत्येक गादीच्या वेष्टनावर आहेस, कारखान्याच्या फाटकावर तर भिंतीएवढी. शाळेत तुला 'गादी' म्हणून चिडवायचे. एकदा तू दप्तर फेकून 'मला त्यातून काढ' म्हणून रडली होतीस, आणि मी दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेलेही होते. छापून ठेवलेली वेष्टनं संपली की बघू, असं ते म्हणाले. ती वेष्टनं काही संपली नाहीत.

तर तुझ्या फोटोखालचे रकाने. पहिला मी भरला: 'माझी मुलगी'. रिकामा रकाना लाल दिसतो, आणि दुसऱ्याचा लाल रंग काही केल्या जाईना. मी जेवायला गेले होते, तेवढ्यात मदत म्हणून डिझायनरने 'संमती आहे का'पुढे लिहून ठेवलं, 'ती झोपलेली आहे'. कविराजांनी ते खोडून 'आईला माहीत आहे' असं लिहिलं. साहेब आले आणि म्हणाले, अरे, ती आपलीच पोर, तिला काय विचारायचं! शेवटी चष्मेवाल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, लहान असेल तर पालकांची सही चालेल, वय किती? मी म्हटलं, चोवीस. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "चोवीस? कधी झाली?" मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. अगं, त्यांना रोज ये-जा करताना तू तीनचीच दिसतेस ना. आमच्या ऑफिसात तू मोठीच झाली नाहीस.

त्या दिवशी मी त्या फाईलच्या पोटात शिरले. निळी चादर, गुलाबी चादर, डावीकडे तोंड, उजवीकडे तोंड, एकीत डिझायनरने तुला झोपेत हसवलेलंही आहे (वाईट दिसतेस). खाली, अगदी खाली, पहिला न कापलेला फोटो सापडला. त्यात उजव्या कडेला एक हात आहे. मनगटावर तुटक्या पट्ट्याचं घड्याळ, आणि पंजा तुझ्या पाठीवर. डिझायनर मागे उभा होता. म्हणाला, "मॅडम, हा हात कुणाचा?" मी म्हटलं, "गादीचाच असेल." इतकी वर्षं त्याखाली छापलेलं असतं ना, 'अशी शांत झोप फक्त आमच्या गादीवर'. थोपटून थोपटून माझा हात भरून आला होता, ते मला तो फोटो बघितल्यावर आठवलं. त्या बिचाऱ्याने पटकन जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं, आणि वेळ साजरी करायला म्हणाला की हात कापायची सूचना त्याची नव्हती, त्याच्या आधीच्या डिझायनरची होती.

भिंगरी, तू गेल्यापासून मी रोज सकाळी फाटकातून आत शिरताना तुझ्याकडे बघते. कुणी आसपास नसेल तर दोन शब्द बोलतेही. संध्याकाळी बाहेर पडताना बघत नाही, कारण तेव्हा घरी जायचं असतं, आणि घरी तू नसतेस. तुझी खूप आठवण येते, हे फोनवर सांगायला गेले की तू 'आई, रडू नको हं' म्हणतेस आणि मग मी भाजीचं काहीतरी बोलते. म्हणून इथे लिहून टाकलं.

आता विचारायचं ते विचारते. तुझा फोटो ठेवायचा का? नाही म्हणालीस तर महिनाअखेरीला तो वेष्टनावरून, फाटकावरून, सगळीकडून निघेल, आणि साहेब दुसरं मूल झोपवतील. त्याने मला काही फरक पडणार नाही. तेव्हा तू झोपेत होतीस, तुला विचारायची सोयच नव्हती. आता जागी आहेस, मोठी आहेस, आणि चेहरा तुझा आहे. माझ्या मनाचा विचार करून हो म्हणू नकोस. शाळेतल्या त्या पोरांचा राग मनात धरून नाही म्हणू नकोस. तुला जे हवं ते सांग, मी ते रकान्यात जसंच्या तसं भरीन.

खोकल्यावर गरम पाणी पीत राहा. (घरमालकीणबाईंना माझं नाव सांग.)

तुझी,
फोटोबाहेरची आई

ता. क. बाबा म्हणतात, हो म्हणायला सांग. त्यांना गादी घ्यायची नसली तरी ते दुकानात शिरतात, भाव विचारतात, आणि मग वेष्टनाकडे बोट दाखवून 'ही आमची' म्हणतात. गुडघा दुखत असताना हे कसं जमतं ते विचारलं तर गुडघा चोळायला लागतात.

ता. क. आणखी एक. वर 'मला काही फरक पडणार नाही' असं एक वाक्य आलं आहे. ते खोडायचं राहून गेलं, तू खोडून वाच.

ता. क. शेवटचं. संमती कशी द्यायची तेच लिहायला विसरले. चष्मेवाल्या बाई सांगत होत्या की ती फोनवर नुसत्या एका बोटाने देता येते, जगात कुठूनही, अर्ध्या मिनिटात. ती सोय मी बंद करून घेतली. होकार असो की नकार, सही समितीच्या प्रमुखांसमोर, समक्ष येऊनच करायची, असा नियम आहे. नियम मीच केला, काल दुपारी. शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं, पण प्रमुख घरीच असतात.