टाचांचं मलम

१२ एप्रिल, जामखेड

गालावरच्या वांगासाठी डॉक्टरांनी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचं क्रीम दिलंय. रोज रात्री वाटाण्याएवढं लावते. गेल्या आठवड्यात सासूबाई ऊसतोडीवरून परतल्या आणि ट्यूब बघून म्हणाल्या, "हे कशाचं गं?" तोंडासाठी असलं महागाचं आणलं, हे त्यांच्यासमोर सांगवेना. पटकन म्हणाले, "टाचांच्या भेगांचं." का म्हणाले? त्या रागावल्या असत्या थोड्याच!

आज शाळेतून आले तर ट्यूब चपटी झालेली. सासूबाई उंबऱ्याशी पाय पसरून बसलेल्या, टाचा लालभडक. मी नसताना रोज दुपारी लावत होत्या. सहा महिने उसाच्या फडात उकललेल्या टाचा, आणि त्या भेगांत हे क्रीम!

मी पाणी घेऊन पाय धुवायला बसले, तर त्यांनी पाय आखडून घेतले. "ऱ्हाऊ दे. लई झोंबतं, पन तू माज्यासाठी आनलंय म्हनून लावते."

माज्यासाठी. मी तसं म्हणालेच नव्हते.

धरून पाय धुतले, तूप लावलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले काय, तर "हे बदलून दुसरं आणते."

आता ओट्यावर शेजारणीला टाचा दाखवतायत. इथवर ऐकू येतंय, "सुनंनं आनलंय, न सांगता."