बाहेरचं नाक

प्रिय ताई,

माझ्या लाडक्या भाचीचा, चिमणीचा खोकला थांबत नाही आणि म्हणून तुम्ही घर सोडताय, रविवारी नव्या जागेच्या कागदांवर सह्या, हा तुझा निरोप मिळाला. सह्या करू नकोस. निदान हे पत्र संपेपर्यंत पेन हातात धरू नकोस. फोनच करणार होतो, पण फोनवर तू आधी कुठे आहेस विचारतेस, मग जेवलास का, मग केस कापलेस का, आणि तेवढ्यात माझा धीर संपतो. पत्रात तुला मधेच तोडता येत नाही, हा मोठा फायदा.

आधी बातमी. मला काम मिळालंय, आणि सात महिने झाले तरी मी ते सोडलेलं नाही. भाऊजींना म्हणावं, खुर्ची धरून ऐका. काम असं की लोकांच्या घरातली हवा कुठून पळते ते शोधायचं. आमच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. साठीच्या आहेत, शिडीवर माझ्याआधी चढतात, आणि मी वर पोचलो की म्हणतात, आलास, मला वाटलं मुक्काम करून येतोयस. आम्ही घराच्या पुढच्या दारात एक जाड कापड ताणून बसवतो, त्यात मोठा पंखा. तो घरातली हवा बाहेर ओढू लागला, की बाहेरची हवा जिथे फट सापडेल तिथून आत घुसते. मग मी काडीला लोकरीचा धागा बांधून घरभर हिंडतो. खिडकीच्या चौकटी, विजेची बटणं, पाइप भिंतीत शिरतो ती जागा. धागा हलला की तिथे खडूची खूण. विचार कर, घरभर उगाच हिंडण्याचे मला पैसे मिळतात! तू लहानपणी याच गोष्टीसाठी मला बदडायचीस.

पण काकूंची खरी गंमत पंख्याच्या आधीची आहे. आम्ही पोचलो की त्या घरच्या सगळ्यांना दहा मिनिटं बाहेर काढतात. आजोबा असोत, पाहुणे असोत, चला बाहेर. मग परत आत घेतात आणि दारातच विचारतात, कसला वास आला? लोक चक्रावतात. एक बाई तर रडायलाच लागल्या, म्हणाल्या, हे माझंच घर का? काकू म्हणतात, माणसाचं नाक लगेच घरचं होऊन जातं, मग त्याला काही कळत नाही. म्हणूनच त्यांनी मला ठेवून घेतलं. मी सांगितलं होतं की मी कुठेच फार दिवस टिकत नाही. त्या म्हणाल्या, छान, मला बाहेरचंच नाक हवंय.

एका घरात पोपट खोकायचा. खरंच! मालकांनी त्याच्यासाठी जनावरांचा डॉक्टर आणला होता. पोपट ठणठणीत, तो आजोबांची नक्कल करत होता. आजोबांना मात्र दोन वर्षं खोकला. काकूंनी सगळ्यांना बाहेर काढून आत घेतलं आणि सूनबाई दारातच म्हणाल्या, ओल्या फडक्याचा वास येतोय. घर कसं, तर नव्या खिडक्या, दाराला रबराच्या पट्ट्या, माझा धागा कुठे हलायला तयार नाही. मला वाटलं, वा, काय घर आहे, काम संपलं, जेवायला चला. काकू मात्र बाथरूममध्ये शिडी लावून वर चढल्या आणि हवा बाहेर जायच्या भोकातून एक अख्खी उशी ओढून काढली. थंडी येते म्हणून कुणीतरी कोंबलेली. मालकांना म्हणाल्या, घराला गरम कपडे घातलेत, उत्तम केलंत, पण नाक कशाला बांधलंत? स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, ते सगळं पाणी हवेत, आणि हवेला जायला वाट नाही. मग ते गार भिंतीवर जाऊन बसतं, कपाटामागे काळे ठिपके धरतात, आणि ते सगळं माणसांच्या छातीत. महिन्याभराने आम्ही पुन्हा बघायला गेलो. आजोबांचा खोकला गेलाय. पोपट अजून खोकतो.

त्या दुसऱ्या खेपेला सगळे हसत होते आणि मी एकटाच शिडी धरून उभा. कारण मला तुझं घर दिसत होतं. भाऊजींनी हौसेने बसवलेल्या घट्ट खिडक्या, आणि तू लिहितेस तसं, सकाळी त्यांच्या काचांवरून ओघळणारं पाणी. चिमणीच्या कपाटामागचे डाग, तू तीनदा पुसलेस, दोनदा रंग दिलास. डाग फक्त थंडीत येतात, बाहेरून भिंत कोरडी. हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, स्वयंपाकघरात हवेचं भोक आहे ना? मी हो म्हणालो. मग म्हणालो, होतं.

ताई, मी तुमच्याकडे तीन महिने राहिलो होतो तेव्हा स्वयंपाकघरात झोपायचो, आठवतंय? खिडकीच्या वर ते चौकोनी भोक होतं आणि त्यातून गार वारा थेट माझ्या कानात. तुम्ही दोघं चिमणीला घेऊन बाजारात गेलात तेव्हा मी ते बुजवलं, वर पुठ्ठा लावला, उरलेला रंग फासला, आणि त्यावर ते घोड्यांचं कॅलेंडर टांगलं. तू म्हणालीस, इतक्या उंचावर तारीख कोण वाचणार? मी म्हणालो, घोडे बघ ना. ते जुनं कॅलेंडर अजून तिथेच असणार, कारण तुझा हात पोचत नाही. आता स्टूल घे आणि भाऊजींना ते धरायला लाव. घोडे काढ, सुरीने पुठ्ठा सोडव. आत तुला एक हिरवा स्वेटर सापडेल. होय, तोच, तू विणलेला, मी प्रवासात हरवला म्हणून सांगितलेला. गळ्यातून डोकं जात नव्हतं ताई, शपथेवर सांगतो जात नव्हतं, आणि तू इतक्या आनंदाने दिला होतास की सांगवेना. डॉक्टरांचं औषध चालूच ठेव, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. मी शनिवारी भोकाला जाळी आणि एक छोटा पंखा घेऊन येतोय, काकूही येतायत, त्यांना घर बघायचंय आणि तुला बघायचंय, मला सांभाळणारी कशी असते ते. रविवारी सह्या करायच्या की नाही ते त्यानंतर ठरवा. ओरडायचं ते सगळं साठवून ठेव. फक्त एक कर, मी आलो की लगेच हात धरून आत ओढू नकोस. दोन मिनिटं मला दारातच उभा राहू दे. आधी मला एकदा वास घेऊ दे.

तुझाच, अजून न सुधारलेला,
भोवरा