बाबांचं घोरणं

तीर्थस्वरूप आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमचा झॉम्बींचा सिनेमा झाला एकदाचा. मढी उठून चालायला लागतात आणि लोक पोट धरून हसतात. पैशांची बोंब, म्हणून जखमा जॅमच्या. माश्या बसल्या की आणखी खऱ्या वाटतात! आवाजाचं काम सगळं माझ्याकडे.

एक सांगते, रागावू नकोस. मागे दुपारी झोपलेल्या बाबांच्या तोंडाशी फोन धरून तू म्हणालीस, "ऐक तुझ्या बापाचा कारखाना!" ते मी रेकॉर्ड केलं. सिनेमातली सगळी मढी बाबांच्याच आवाजात गुरगुरतात.

काल सिनेमा बघताना मेकअपवाली म्हणाली, "ही मढी श्वास कधी घेतात गं?" सगळे हसले. मला मात्र एकदम आठवलं. गुरगुर सलग हवी, म्हणून मधल्या शांत जागा मीच कापल्या होत्या. मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आई, त्या जागी बाबांचा श्वासच थांबतो, मग दचकून सुरू होतो. दिवसभर कान लावून बसणारी मी, आणि मला तेव्हा कळलं नाही.

फोन तू स्पीकरवर ठेवतेस, बाबा ऐकतील. म्हणून तिकडे निघालेल्या मेकअपवालीच्या हाती हे पत्र देतेय. त्यांना लगेच डॉक्टरकडे ने. "मला काय धाड भरलीय?" म्हणतील, ऐकू नकोस.

आणि पत्र मिळेल त्या दुपारी ते झोपले की फोन पुन्हा तोंडाशी धर. या वेळी मी काहीच कापणार नाही.

तुझी,
कान असून बहिरी लेक