डाव्या नळीचं काडतूस

आबा, आमच्याकडे नव्या रायफली आल्या आहेत. एवढं ऐकलं की तुम्ही लगेच विचाराल, "तिनामा काडतूस कोनतं टाकतस?" बंदूक कुठल्या बनावटीची, केवढ्याला, कोणी आणली, हे तुम्ही कधी आधी विचारलं नाहीत. तुमच्या लेखी बंदूक म्हणजे नुसती नळी होती, आणि माणूस कळायचा तो नळीत काय घालतो त्यावरून. या महिनाभरात मला हाच प्रश्न पडला आहे आणि विचारायला कोणी नाही. मी शस्त्रागारात बसतो. हत्यारं साफ करतो, तपासतो, सकाळी देतो आणि संध्याकाळी मोजून घेतो. आमच्या दलाचं नाव लिहीत नाही. नोकरीचं नाव कागदावर आणायचं नाही, ही सवय तुमचीच.

पांडेसऱ्याच्या आपल्या खोलीतला ओटा मला अजून जसाच्या तसा दिसतो. एका टोकाला स्टोव्ह, दुसऱ्या टोकाला तुमचा काडतुसांचा ॲल्युमिनियमचा डबा, आणि मध्ये आई भाकरी थापते आहे. फौजेतून सुटून तुम्ही धुळ्याहून सुरतेला आलात आणि डाईंग मिलच्या गेटवर उभे राहिलात, ते स्वतःच्या दुनळी बंदुकीसकट. मिलवाल्यांना बंदुकीसकट माणूस हवा होता. तुम्ही आधी आणि बंदूक नंतर, की उलटं, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. डब्याच्या तळाला तुम्ही कोरडे तांदूळ पसरायचात, कारण इथल्या दमट हवेत काडतुसं फुगतात. आईने एकदा ते तांदूळ निवडायला घेतले होते, आणि एरवी घरात कधी आवाज न चढवणारे तुम्ही, त्या दिवशी चढवलात. ती म्हणाली, "तुम्हना त्या बंदूकना तेलना वास भाकरीले येस, ते मी कधी बोलनू का?" मग तुम्ही तिच्यासमोर नवे तांदूळ पसरलेत.

रोज सकाळी ड्यूटीला निघण्याआधी तुम्ही त्या डब्यातून दोन काडतुसं निवडायचात. एक बारीक छऱ्याचं, ते उजव्या नळीचं. एक मोठ्या छऱ्याचं, ते डाव्या नळीचं. दोन्ही नळीत सरकवून पाहायचात, अडतंय का, सैल आहे का, आणि परत काढून खिशात ठेवायचात. बारीक उजव्या खिशात, मोठं डाव्या. मी शाळेच्या कपड्यांत चहा पीत बसलेला असायचो. एकदा विचारलं, दोन्ही मोठीच का नाही घालत? तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "पहिला बार त्याले घर याद येवाकरता. दुसरा आपलाकरता." बारीक छऱ्याने माणूस मरत नाही, लांबून तर नाहीच. छर्रा टोचतो, भाजतो, आणि माणसाला आपली बायकापोरं आठवतात. तो परत फिरला तर दुसऱ्या चापाला बोट लावायची वेळच येत नाही. मला हे फार आवडलं. शाळेत चारचौघांना मी ते सांगितलं, माझ्या बापाच्या बंदुकीला दोन मनं आहेत अशा थाटात. तेव्हा मला थाटाचं भारी वेड होतं, आणि ते पुरतं गेलं असंही नाही.

गेटवरचा तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी बारावीत होतो, तुमचा जेवणाचा डबा घेऊन आलो होतो. आत वाफेच्या पाइपाजवळ एक कामगार भाजला होता आणि मालकाने गेट लावून घेतलं होतं. बाहेर दीड-दोनशे माणसं. त्यांतले निम्मे आपल्याच चाळीतले, शिरपूर, साक्री, शिंदखेड्याकडचे, तुमच्याबरोबर भजनाला बसणारे. भाजलेला जिवंत आहे की नाही एवढंच त्यांना विचारायचं होतं, पण ते विचारता विचारता ते गेट हलवायला लागले. मॅनेजर तुमच्या मागे उभा राहून ओरडत होता की बंदूक भरा. तुम्ही भरलीत. दोन्ही नळ्या. मग गेटच्या जाळीजवळ गेलात, सगळ्यांच्या देखत बंदूक मधून उघडलीत, डाव्या नळीतलं काडतूस बाहेर काढलंत, वर धरून दाखवलंत आणि खिशात टाकलंत. पुढच्या रांगेतली माणसं जाळी धरून उभी होती, त्यांनी जाळी सोडली. मागच्यांना काही दिसलं नव्हतं, पण पुढचे गप्प झाले म्हणून तेही झाले. थोड्या वेळाने त्यांच्यातल्या दोघांना आत घेतलं, भाजलेल्याला रिक्षातून नेलं, आणि तुम्ही जाळीच्या अलीकडे बसून माझ्या डब्यातली भाजी-भाकरी खाल्लीत. तुमचा हात थरथरत होता. मी पाणी ओतून दिलं.

आता इकडचं ऐका. नव्या रायफली सेमी-ऑटोमॅटिक आहेत. चाप दाबला की एक गोळी जाते आणि त्याच धक्क्याने पुढची आपोआप नळीत येऊन बसते. मोठं सुबक हत्यार आहे. तुम्ही हातात घेतलं असतं तर वजन बघून मान हलवली असती. प्रश्न असा आला की गर्दीच्या बंदोबस्ताला यात काय भरायचं. असली गोळी, की प्लास्टिकची? साहेबांनी आम्हा चार-पाच जणांना बसवून विचारलं. मी म्हणालो, मॅगझिनमध्ये वरच्या तीन प्लास्टिकच्या ठेवू, खाली असली. पहिली गोळी समोरच्याला घर आठवायला, पुढची आपल्यासाठी. शब्द तुमचेच, फक्त गुजरातीत. साहेब खूश झाले, म्हणाले, आ तो सरस छे. कोणी शिकवलं, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वडील गेटवर होते. आबा, इतक्या वर्षांच्या नोकरीत तुमचा उल्लेख मी पहिल्यांदा केला, आणि मला छाती फुगल्यासारखं झालं. मिलच्या गेटवरचा माणूस, आणि त्याचा रिवाज आता सगळ्या दलाचा हुकूम होणार.

मग आम्ही त्या रायफली सरावाच्या रेंजवर नेल्या. पहिल्याच प्लास्टिकच्या गोळीला घोळ कळला. ती इतकी हलकी आहे की तिच्या धक्क्याने रायफलीचं काम होत नाही. गोळी जाते, पण पुढची नळीत येत नाही. दर वेळी हाताने खटका मागे ओढून कॉक करावं लागतं, म्हणजे नळीत असेल ते बाहेर पडतं आणि पुढची गोळी आत येते. असू दे, म्हटलं, करतील. दुसऱ्या फळीतली एक पोरगी होती, नवसारीकडची, नुकती भरती झालेली, नेम उत्तम. तिने पहिली मारली, कॉक केलं, दुसरी मारली. मी मागून बाकीच्यांना मुद्दाम आरडाओरडा करायला लावला होता, खऱ्या गर्दीत शांतता कुठली असते. तिने पुन्हा कॉक केलं, आणि त्या गोंधळात आपण केलं की नाही हे न आठवून आणखी एकदा केलं. तिसरी प्लास्टिकची गोळी न उडताच बाजूला वाळूत पडली आणि तिच्या जागी नळीत असली आली. तिने चाप दाबला. आवाज वेगळा आला, तो सगळ्यांना कळला, फक्त तिला नाही. टार्गेटच्या छातीत स्वच्छ भोक होतं. ती वळून म्हणाली, "सर, में तो प्लास्टिकज मारेली." आणि मग तिला वाळूतली गोळी दिसली. ती वाकून उचलायला गेली, पण ती तिच्याने उचलवेना. मी उचलली.

तेव्हापासून मला गेट दिसतं आहे. तुमच्या बंदुकीला दोन नळ्या होत्या आणि दोन चाप. कुठल्या बोटाने काय जाणार ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि उघडून दाखवलं तर समोरच्यालाही. मॅगझिन म्हणजे बंद पेटी. आत काय कुठल्या क्रमाने आहे ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि घाबरलेल्या पोरीला आठवत नाही. तुमची दया मी उचलून अशा जागी ठेवली जिथे ती कधी हातातून निसटेल ते कळणारही नाही. मला तुमचा राग आला, खरं सांगतो. मग माझा आला. तुम्ही मला काडतुसं निवडायला शिकवलं होतं, दरवेळी तीच दोन घाल असं कुठे सांगितलं होतं?

साहेबांकडे गेलो. म्हटलं, हे मिश्रण नको. ते म्हणाले, पहेला प्लास्टिक, पछी असली, तमे ज तो कीधुं हतुं. मी म्हटलं, हो, मीच सांगितलं होतं आणि मी चुकलो. वाळूतली गोळी त्यांच्या टेबलावर ठेवली. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी ती बोटाने इकडून तिकडे गोल फिरवली आणि विचारलं, समोरून कोणी पेटती बाटली फेकली आणि आपल्या दलातल्या पोराच्या हातात प्लास्टिक असलं तर त्याच्या आईला तुम्ही सांगायला जाल का? शेवटी असं ठरलं की रायफलीत नुसतं प्लास्टिक. असलीचं मॅगझिन वेगळं, लाल पट्टी मारलेलं, कंबरेच्या पाऊचमध्ये, बटण लावून. अधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय बटण उघडायचं नाही. साहेब म्हणाले, हे तुमच्या सांगण्यावरून करतोय, लक्षात ठेवा. मी म्हटलं, ठेवतो. बाहेर आल्यावर माझे दोन सहकारी माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या तुकडीतली पोरं पहिल्या फळीत आहेत.

उद्या बंदोबस्त आहे. कुठे, ते तुम्हाला सांगायला हवं: पांडेसऱ्यात, तुमच्या गेटच्या पुढे दोन गेटं सोडून. त्या मिलने एक खातं बंद केलं आहे आणि माणसं सकाळी गेटवर जमणार आहेत. त्या खात्यात तुमचे जावई आहेत, धाकटीचा नवरा. तुम्ही गेल्यानंतर तिचं लग्न झालं, तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत. चांगला माणूस आहे, जरा आवाजी. कुठेही उभा राहिला तरी पुढच्या रांगेतच असतो. मी बंदोबस्तावर नाही. माझं काम पहाटे हत्यारं देण्याचं. एकेकाच्या हातात रायफल देईन, मॅगझिन काढून त्याला दाखवीन, पाऊचचं बटण ओढून पाहीन. नवसारीची पोरगीही जाणार आहे. तिने स्वतःहून विचारलं की तिचं मॅगझिन मी भरून देईन का. मी म्हटलं, तूच भर, मी बघतो.

हे तुम्हाला खरंच पाठवायचं असतं तर एवढं लिहिलं नसतं. तुम्हाला लांब पत्रं खपत नसत. गावाकडून पत्र आलं की 'खुशाल' हा शब्द शोधून तुम्ही ते आईकडे द्यायचात. माझ्या पत्रात तो शब्द अजून आलेला नाही. आज रविवार म्हणून मी स्वयंपाकघरात बसलो आहे. बायको नातेवाइकांकडे बारडोलीला गेली आहे, ओटा रिकामा आहे, आणि मी दोन वेळा चहा करून एकही पुरता प्यायलेला नाही. प्लास्टिकची गोळीही जवळून लागली तर माणूस जातो, हे मला माहीत आहे. बारीक छऱ्यानेही जातो. तुम्हालाही माहीत असणार. म्हणून तर हात थरथरत होता. त्या दिवशी मला वाटलं होतं की तुम्ही गर्दीला भ्यालात.

मघाशी धाकटीचा फोन आला होता. आधी पोरांचं बोलली, मग पाण्याच्या टाकीचं, आणि मग एकदम म्हणाली, "दादा, उद्या त्या बंदुकीस्मा काय भरेल राही?" तिच्या आवाजावरून कळत होतं की नवरा शेजारीच बसला आहे. मी म्हणालो, प्लास्टिक. तिने ते त्याला सांगितलं, मला ऐकू आलं. तो काहीतरी म्हणाला आणि हसला. मग तिने पुन्हा विचारलं, "मंग भ्यावानं काम नही ना?" मी म्हणालो, नाही.

पाऊचचं मी तिला सांगितलं नाही, आबा.